लाकडाच्या विजेचा दाखला : युरोपातील बायोमास-प्रमाणनाची वाटचाल

अक्षय ऊर्जा म्हटले की सूर्य आणि वारा डोळ्यांसमोर येतात. परंतु एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत युरोपीय संघाने वापरलेल्या अक्षय ऊर्जेचा निम्म्याहून मोठा हिस्सा बायोमासमधून, म्हणजे लाकूड, शेतीतील अवशेष, वनस्पतिजन्य तेले आणि सेंद्रिय कचरा यांपासून आला, आणि त्यातही लाकडाचा वाटा सर्वांत मोठा होता. वाऱ्याची झुळूक कोठून आली हे विचारण्याची गरज नसते, पण लाकूड कोठून आले, ते तोडल्यावर तेथे पुन्हा वन उभे राहिले की नाही, आणि ते जाळून हवामानाचा खरोखर काही फायदा झाला की नाही, हे विचारावेच लागते. या प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवण्यासाठी युरोपात जी प्रमाणपत्रे, निकष आणि कायदे तयार झाले, त्यांचा इतिहास जेमतेम पंचवीस वर्षांचा आहे. आणि या संपूर्ण काळात अनुदान व खरेदी आधी सुरू झाली, कसोटी मागाहून आली, आणि ती कसोटी बऱ्याचदा खरेदीदारांनीच लिहिली, हे त्या इतिहासाचे सर्वांत ठळक लक्षण आहे.

या कथेची मुळे हिशेबाच्या एका नियमात आहेत. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, 1990च्या दशकात देशोदेशींच्या उत्सर्जनाची नोंद ठेवण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आखली, त्यांत लाकूड जाळताना धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या खात्यात धरू नये, कारण झाड तोडले त्याच वेळी तो जमीन व वने यांच्या खात्यात धरला जातो, असे ठरले. एकच कार्बन दोनदा मोजला जाऊ नये एवढाच या नियमाचा हेतू होता, आणि सर्व देश दोन्ही खाती सारख्याच काटेकोरपणे लिहितील तर तो नियम निर्दोषही होता. परंतु 1997च्या क्योटो करारात वनव्यवस्थापनाचा हिशेब पहिल्या कालखंडापुरता ऐच्छिक राहिला, अमेरिकेने तर त्या कराराला मान्यताच दिली नाही, आणि 2005 मध्ये सुरू झालेल्या युरोपीय उत्सर्जन-व्यापार योजनेने बायोमासच्या धुराला सरसकट शून्य गुण दिले. परिणामी अमेरिकेत तोडलेले आणि युरोपात जाळलेले लाकूड जाळणाऱ्याच्या वहीत शून्य म्हणून नोंदले जाऊ लागले, आणि तोडणाऱ्यावर त्याची भरपाई करण्याचे कोणतेही बंधन उरले नाही. दुहेरी मोजणी टाळण्यासाठी केलेली तरतूद अशा रीतीने ‘लाकूड कार्बनमुक्त आहे’ या समजुतीचा आधार बनली, आणि पुढचे प्रत्येक प्रमाणपत्र याच पायावर उभे राहिले.

वनाला प्रमाणपत्र देण्याची कल्पना मात्र ऊर्जेच्या क्षेत्रातली नव्हती. 1992च्या रिओ परिषदेत वनांविषयी बंधनकारक करार होऊ शकला नाही, तेव्हा पर्यावरण संस्था, लाकूड व्यापारी आणि सामाजिक संघटना यांनी 1993 मध्ये वन संरक्षण परिषद, म्हणजे एफएससी, स्थापन केली. तिला पर्याय म्हणून युरोपातील वनमालकांनी 1999 मध्ये पीईएफसी ही योजना काढली. या दोन्ही योजनांनी वनापासून दुकानापर्यंत मालाचा माग ठेवण्याची पद्धत रूढ केली आणि तोडणीनंतर वन राहते का, दुर्मीळ जीवजाती टिकतात का, स्थानिकांचे हक्क पाळले जातात का, हे तपासले. कपाटासाठी किंवा कागदासाठी तोडलेल्या झाडाला हे प्रश्न पुरेसे होते. जाळण्यासाठी तोडलेल्या झाडाच्या बाबतीत कार्बन हवेत किती वर्षे राहणार हा आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो या पद्धतीत कोठेच बसत नव्हता.

ऊर्जेसाठी स्वतंत्र दाखला प्रथम नेदरलँड्समध्ये निघाला. एसेंट या डच वीज कंपनीने 2002 मध्ये ‘ग्रीन गोल्ड लेबल’ ही योजना आणली; आपल्या केंद्रांत जळणारा माल कोठून आला याचा माग ठेवणे, हा तिचा उद्देश होता. त्याच सुमारास डच सरकारने हरित विजेला अनुदान सुरू केले आणि काही केंद्रांत आग्नेय आशियातून आलेले पामतेल इंधन म्हणून जाळले जाऊ लागले. इंडोनेशियातील पामच्या बागांसाठी पाणथळ, पीटयुक्त जमिनी कोरड्या केल्या जात होत्या; पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा शतकानुशतके साचलेला थर, जो कोरडा पडला की कुजत आणि पेटत राहतो व त्यातून प्रचंड कार्बन बाहेर पडतो. 2006च्या अखेरीस या उत्सर्जनाचे अंदाज प्रसिद्ध झाले, तेव्हा हरित म्हणून अनुदान मिळालेली वीज कोळशाच्या विजेपेक्षाही घातक ठरू शकते हे डच जनतेला कळले. जॅकलिन क्रॅमर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2006 आणि 2007 मध्ये दिलेल्या अहवालांत हरितगृह वायूंचा ताळेबंद, अन्नधान्याशी स्पर्धा, जैवविविधता, माती-पाणी-हवा, स्थानिक समृद्धी आणि सामाजिक हित, असे सहा निकष मांडले. पुढील सर्व युरोपीय चर्चेची भाषा या समितीने घडवली, आणि क्रॅमर स्वतः 2007 मध्ये त्या देशाच्या पर्यावरणमंत्री झाल्या. तरीही अन्नस्पर्धा आणि सामाजिक हित हे तिचे सर्वांत धाडसी निकष पुढच्या युरोपीय कायद्यात बंधनकारक अटी म्हणून उतरलेच नाहीत, ही खेदाची बाब आहे.

तो कायदा म्हणजे एप्रिल 2009चा अक्षय ऊर्जा निर्देश. 2020 पर्यंत युरोपीय संघाच्या एकूण ऊर्जेपैकी 20 टक्के अक्षय स्रोतांतून यावी, असे त्याने ठरवले. वाहनांची जैवइंधने आणि द्रवरूप जैवइंधने यांनी जीवाश्म इंधनाच्या तुलनेत किमान 35 टक्के उत्सर्जन वाचवावे, 2017 पासून ही मर्यादा 50 टक्के व्हावी, आणि जानेवारी 2008 नंतर वने किंवा पाणथळ जमिनी मोडून केलेल्या शेतीतील माल त्यात धरू नये, अशा अटी त्यात होत्या. तपासणीचे काम सरकारी यंत्रणेकडे न देता मान्यताप्राप्त ऐच्छिक योजनांकडे सोपवले गेले, आणि जुलै 2011 मध्ये अशा पहिल्या सात योजनांना युरोपीय आयोगाने मान्यता दिली. मालाचा माग ठेवण्यासाठी ‘वस्तुमान-मेळ’ ही पद्धत स्वीकारली गेली. तीत प्रमाणित आणि अप्रमाणित माल एकाच टाकीत मिसळता येतो, फक्त प्रमाणित म्हणून विकलेले वजन प्रमाणित म्हणून आलेल्या वजनापेक्षा जास्त नसावे लागते. अवशेष आणि मुख्य उत्पादन यांतील फरकही येथेच कायद्यात आला : महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत वीजनिर्मितीसाठी जाळला जाणारा बगॅस, म्हणजे रस काढल्यानंतर उरलेला उसाचा चोथा, हा अवशेष मानला जातो, आणि उसाच्या लागवडीचे उत्सर्जन त्याच्या माथी मारले जात नाही.

या सगळ्या काटेकोरपणातून लाकूड मात्र सुटले. घन बायोमाससाठी बंधनकारक निकष नकोत, सदस्य देशांनी वाटल्यास शिफारशी पाळाव्यात, असे आयोगाने फेब्रुवारी 2010 मध्ये जाहीर केले. युरोपातील वनांना राष्ट्रीय कायद्यांचे संरक्षण आहे आणि लाकडाची आयात फारशी नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो त्या वर्षापुरता कदाचित खराही असेल, परंतु आयात वाढवणारी यंत्रणा त्याच निर्देशाने नुकतीच उभी केली होती.

ती यंत्रणा सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालली ब्रिटनमध्ये. यॉर्कशरमधील सेल्बीजवळचे ड्रॅक्स हे त्या देशातील सर्वांत मोठे वीज केंद्र; कोळशासाठी बांधलेल्या त्याच्या सहा संचांपैकी पहिला 2013 मध्ये पूर्णपणे लाकडावर आणला गेला, आणि पुढे आणखी तीन संच बदलले गेले. तेथे जळतात त्या लाकडाच्या पेलेट, म्हणजे भुसा, फांद्या आणि बारीक ओंडके वाळवून, दळून, दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या. त्यांचा मोठा भाग अमेरिकेच्या आग्नेयेकडील नॉर्थ कॅरोलिना, लुइझियाना, मिसिसिपी या राज्यांतून जहाजाने येतो. त्या प्रदेशातील बहुतेक वने सरकारची नसून कुटुंबांच्या खासगी मालकीची, आणि तुकड्यातुकड्यांची आहेत. अशा लहान मालकाला एफएससीचे प्रमाणपत्र घेण्याचा खर्च परवडत नाही, आणि त्यामुळे ब्रिटनला हवे तेवढे प्रमाणित लाकूड तेथे उपलब्ध नव्हते.

या अडचणीवर वीज कंपन्यांनी स्वतःच तोडगा काढला. 2013 मध्ये युरोपातील मोठ्या पेलेट-खरेदीदारांनी ‘सस्टेनेबल बायोमास पार्टनरशिप’, म्हणजे एसबीपी, ही संस्था स्थापन केली, आणि 2015 मध्ये तिची मानके लागू झाली. येथे प्रमाणपत्र वनाला मिळत नाही, पेलेट बनवणाऱ्या कारखान्याला मिळते. कारखाना आपल्या पुरवठाक्षेत्राचे जोखीम-मूल्यमापन करतो. त्या प्रदेशातील कायदे, वनवाढीचे आकडे आणि उपलब्ध अहवाल पाहून बेकायदा तोड किंवा अधिवासनाश होण्याची जोखीम ‘कमी’ आहे असे दाखवतो, आणि बाहेरील लेखापरीक्षक ते तपासतात. एकेका वनखंडात जाऊन पाहणे या पद्धतीत आवश्यक नसते. तिचे समर्थक म्हणतात की हजारो लहान मालकांच्या प्रदेशात दुसरी व्यवहार्य पद्धत नाही, आणि त्यात तथ्य आहे. पण ज्यांना माल हवा होता त्यांनीच मालाची कसोटी लिहिली, हे तथ्यही त्यामुळे पुसले जात नाही. पुढे संस्थेने नावातील ‘पार्टनरशिप’ बदलून ‘प्रोग्रॅम’ केले आणि कारभारात पर्यावरण व समाज क्षेत्रांतील प्रतिनिधी घेतले, तेव्हा तिची चौकट बरीचशी रुळून गेलेली होती.

ब्रिटिश सरकारने डिसेंबर 2015 पासून 1 मेगावॅट आणि त्याहून मोठ्या केंद्रांना अनुदानासाठी निकष बंधनकारक केले. त्यांतील उत्सर्जनाची मर्यादा दर मेगावॅट-तासाला 285 किलो कार्बन डायऑक्साइड अशी होती आणि ती 2020 मध्ये 200 किलोवर आणली गेली. या आकड्यात तोडणी, वाळवण, दळण, रेल्वे आणि जहाज यांचे उत्सर्जन येते. धुराड्यातून निघणारा कार्बन मात्र, तो कोळशाच्या तोडीचा किंवा किंचित अधिक असूनही, शून्य धरला जातो. वनाच्या निकषात आणखी एक पळवाट होती : लाकडापैकी 70 टक्के शाश्वत असल्याचे सिद्ध झाले म्हणजे पुरे, उरलेले 30 टक्के केवळ कायदेशीर असले तरी चालत असे. कारखान्याशेजारी राहणाऱ्यांच्या हवेविषयी हे निकष काहीच बोलत नाहीत. मिसिसिपीतील ग्लॉस्टर या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय गावातील ड्रॅक्सच्या पेलेट कारखान्याला हवेतील उत्सर्जनाच्या मर्यादा ओलांडल्याबद्दल राज्याच्या पर्यावरण खात्याने 2021 मध्ये 25 लाख डॉलरचा दंड केला, तो तेथील स्थानिक कायद्यानुसार. लंडनमधील अनुदानाच्या कागदपत्रांत त्या गावाच्या हवेला रकाना नव्हता.

शास्त्रज्ञांचा आक्षेप याच शून्यावर होता. टिमथी सर्चिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हिशेबातील ही त्रुटी उघड केली. 2010 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यासाठी मॅनोमेट संस्थेने केलेल्या अभ्यासाने ‘कार्बनचे कर्ज’ ही कल्पना चर्चेत आणली : झाड जाळताच कार्बन एकदम हवेत जातो, आणि नवे झाड तो अनेक वर्षांत हळूहळू परत घेते, दरम्यानच्या काळात कोळसा जाळला असता त्याहून अधिक कार्बन हवेत असू शकतो. फांद्या, भुसा यांसारख्या लवकर कुजणाऱ्या मालाचे कर्ज लवकर फिटते, उभ्या झाडांचे फिटायला अनेक दशके लागतात. त्या राज्याने 2012 मध्ये आपले अनुदानाचे नियम या अभ्यासाच्या आधारे कडक केले. युरोपात जानेवारी 2018 मध्ये सुमारे 800 शास्त्रज्ञांनी संसदेला पत्र लिहून, मुद्दाम तोडलेल्या झाडांना अक्षय इंधन मानू नये, अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही.

डिसेंबर 2018च्या सुधारित निर्देशाने घन बायोमासला प्रथमच बंधनकारक निकषांखाली आणले, पण 20 मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या वरील केंद्रांपुरते, आणि वनासाठी एसबीपीसारखीच जोखीमआधारित पद्धत स्वीकारून. ऑक्टोबर 2023च्या तिसऱ्या निर्देशाने ही मर्यादा 7.5 मेगावॅटवर आणली, करवतीच्या कामाचे ओंडके, बुडखे आणि मुळे जाळण्यास थेट आर्थिक साहाय्य देऊ नये असे ठरवले, आणि लाकूड आधी इमारती, फर्निचर, कागद यांसाठी वापरून शेवटीच जाळावे, हे ‘टप्प्याटप्प्याने वापराचे’ तत्त्व कायद्यात घातले. मुद्दाम तोडलेल्या लाकडाला अक्षय ऊर्जेच्या हिशेबातून वगळण्याचा मुद्दा संसदेत जोरात मांडला गेला होता, पण अंतिम मसुद्यात तो टिकला नाही.

ब्रिटनमध्ये कागदाचीच परीक्षा झाली. जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने, बायोमासच्या शाश्वततेची खात्री करण्याची आपली व्यवस्था पुरेशी आहे हे सरकारला दाखवता आलेले नाही, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऊर्जा नियामक ऑफजेमच्या चौकशीनंतर ड्रॅक्सने 2.5 कोटी पौंड भरण्याचे मान्य केले. कॅनडातून आलेल्या लाकडाच्या माहितीला पुरेसा पुरावा नव्हता, मात्र माहिती हेतुपुरस्सर चुकीची दिल्याचे किंवा अनुदान चुकीने दिले गेल्याचे नियामकाला आढळले नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारने 2027 ते 2031 या काळासाठी ड्रॅक्सबाबत नवी व्यवस्था जाहीर केली : साहाय्य निम्म्यावर येणार, केंद्र क्षमतेच्या 27 टक्क्यांपर्यंतच चालणार, आणि शाश्वत लाकडाचे प्रमाण 70 वरून 100 टक्के होणार. त्या शंभर टक्क्यांतही शाश्वत ठरवण्याची रीत मुख्यतः तोडणीच्या प्रदेशाचीच आहे. धुराड्यातला कार्बन नवे झाड केव्हा परत घेणार, ती वर्षे मोजणारा रकाना या व्यवस्थेतही नाही.