साडेसहाची सिस्टर

परीक्षांवर टीका केली की एक उत्तर ठरलेलं असतं, आणि ते कच्चं नाही. प्रौढ माणसाला इंग्रजी किती येतं हे कुणीतरी ठरवणारच. परीक्षा नसेल तर ते आडनाव ठरवेल, कॉलेजचं नाव ठरवेल, नाहीतर मुलाखत घेणाऱ्याच्या कानाला खटकलेला एखादा उच्चार ठरवेल. त्यापेक्षा आयएल्ट्ससारखी परीक्षा बरी. सगळ्यांना सारखा वेळ, सारखे निकष, आणि परीक्षकाला उमेदवाराच्या घराण्याशी काही देणंघेणं नाही. साताऱ्यात मिळालेले सात लंडनमध्येही सातच. क्लासवाले, व्हिसा एजंट, परदेशी विद्यापीठं, हॉस्पिटलांचे भरती अधिकारी; एरवी एकमेकांवर फारसा विश्वास नसलेली ही मंडळी एवढ्या एका मुद्द्यावर एकमताची आहेत.

हा झाला पूर्वपक्ष. परीक्षा असावी, हा त्याचा अर्धा भाग मला मान्य आहे. पण हाती आलेला आकडा म्हणजे त्या माणसाचं इंग्रजी, हा उरलेला अर्धा मान्य नाही. डेअरीवर दुधाचं फॅट काढतात तसा माणसाचा बँड, म्हणजे परीक्षेतला तो आकडा, काढता येतो, अशी त्यामागे समजूत आहे. फॅट दुधातच असतं. त्या दुधाचा पुढे चहा होणार की खवा, यावर ते कमीजास्त होत नाही. भाषा येणं मात्र कुणाशी, कुठे आणि कशासाठी बोलायचंय याच्याशी बांधलेलं असतं.

आधी आकड्याकडेच पाहू, कारण त्याची आकडेमोड उघड आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चार भागांचे बँड घ्यायचे, सरासरी काढायची, ती जवळच्या अर्ध्या बँडवर आणायची, आणि बरोबर मधोमध पडली तर वर ढकलायची. अकॅडमिक वाचनात ४० पैकी साधारण ३० उत्तरं बरोबर आली की सात मिळतात. समजा एखाद्याला ऐकण्यात ७ आणि बाकी तिन्हींत ६.५ मिळाले, वाचनात २९ उत्तरं बरोबर. सरासरी ६.६२५, निकाल ६.५. आता त्याचं वाचनातलं आणखी एक उत्तर बरोबर आलं असं धरा, अंदाजपंचे खूण केलेलं का असेना. वाचन ७, सरासरी ६.७५, आणि निकाल एकदम ७. चाळीसातल्या एका प्रश्नाने सात मागणाऱ्या विद्यापीठाचं दार उघडलं. परीक्षेच्या गुणांत नशिबाचा वाटा किती आणि काठावरच्या उमेदवारांचं भवितव्य त्यावर किती हेलकावतं, याचा हिशेब एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्येच मांडला होता. परीक्षा घेणाऱ्या संस्थाही हे लपवत नाहीत, मापनातली चूक त्या स्वतःच जाहीर करतात. ती वाचायला वेळ नसतो तो आकडा वापरणाऱ्यांना.

यावर म्हटलं जाईल की चूक प्रत्येक मापात असते, कुठेतरी रेघ मारावीच लागते. मारावी. पण ती कोण मारतं आणि कशाला पाहून?

ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल बरीच वर्षं चारही भागांत सात मागत असे. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी यापेक्षा कमी चालणार नाही, अशी त्यामागची भूमिका. इंग्रजी हीच मायबोली असलेल्या ऑस्ट्रेलियन परिचारिकांनाही ही अट गाठता येत नाही, अशा बातम्या २०१७ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांत आल्या. त्याआधीच्या वर्षी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल लागला होता, युरोपातून येणाऱ्या परिचारिकांचा ओघ आटला होता आणि वॉर्डांत माणसं कमी पडत होती. २०१८ च्या अखेरीस लेखनाची अट सातावरून साडेसहावर आली. निर्णय शहाणपणाचाच होता. पण आदल्या महिन्यात जिचं इंग्रजी रुग्णाला धोक्याचं होतं, तीच सिस्टर पुढच्या महिन्यात सुरक्षित ठरली. तिचं इंग्रजी तेवढंच होतं, गरज बदलली होती.

रेघ नेहमी दार राखणाऱ्याच्या सोयीने सरकते, याला जुना आणि पुष्कळ ओंगळ दाखला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये कायदा केला की येणाऱ्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा. कायद्यात हिंदी लोकांचं नावही नव्हतं आणि रोख सगळा त्यांच्यावर होता. तेव्हा गांधी तिथेच वकिली करत होते. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने तीच युक्ती उचलली. पन्नास शब्दांचं श्रुतलेखन, आणि भाषा कुठली घ्यायची हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. १९३४ मध्ये एगॉन किश हा बहुभाषी पत्रकार सरकारला नकोसा झाला, तेव्हा त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घातलं. हा प्रकार त्यांच्याच हायकोर्टाला पचला नाही. आजच्या परीक्षा त्या कुळातल्या नाहीत, त्या प्रामाणिकपणे घेतल्या जातात. पण प्रामाणिकपणे काढलेल्या आकड्यावरही कट-ऑफ बाहेरूनच येऊन बसतो, आणि लोक त्यालाच भाषाशास्त्राचा निष्कर्ष समजतात.

पूर्वपक्षाचा खरा आधारस्तंभ मात्र वेगळा आहे: ‘इंग्रजी येतं’ ही एकच क्षमता आहे, ती मोजली की बाकी सगळं आपोआप कळतं. जॉन ऑलर या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या दशकात हे मोठ्या हिरिरीने मांडलं होतं. पुढे त्याच्या आकडेशास्त्रातले दोष दाखवले गेले आणि १९८० च्या दशकात त्याने स्वतः ही टोकाची भूमिका सोडली. अभ्यासकांनी सोडली तरी कचेऱ्यांनी सोडलेली नाही.

प्रौढांच्या बाबतीत ती सगळ्यात जास्त फसते. शाळकरी मुलाचं इंग्रजी साधारण सगळ्या बाजूंनी सारखं वाढतं. पस्तिशीच्या माणसाचं मात्र कामाने जिथे ओढलं तिथेच वाढलेलं असतं. मिरजेत शिकून दहा वर्षं आयसीयूत काढलेली सिस्टर घ्या. औषधांची नावं, मात्रा, डॉक्टरांच्या सूचना, फाइलमधल्या नोंदी, सगळं इंग्रजीत आणि झोपेतसुद्धा न चुकणारं. तिला परीक्षेत वीस मिनिटांत एखाद्या आलेखाचं वर्णन करायचं असतं आणि चाळीस मिनिटांत ‘शहरांत मोटारींवर बंदी घालावी का’ छापाच्या विषयावर अडीचशे शब्दांचा निबंध लिहायचा असतो. असा निबंध तिने बारावीनंतर लिहिलेला नाही आणि वॉर्डात कधी लिहायचाही नाही. मग ती क्लास लावते. तिथे प्रस्तावनेची दोन वाक्यं, ‘एकीकडे’, ‘दुसरीकडे’ आणि समारोप असा तयार साचा पाठ करून घेतात. बँड वर जातो, इंग्रजी होतं तिथेच राहतं. पंधरा हजारांच्या वर फी भरून हे दोनतीनदा करणारे आहेत.

उलट, तिला खरोखर जे लागणार ते यात कुठेच नाही. फोनवर डॉक्टरने सांगितलेलं ‘फिफ्टीन’ होतं की ‘फिफ्टी’, अशी शंका आली तर न लाजता ‘वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो’ असं विचारून खात्री करणं. ऐंशीच्या आजी ‘स्पेंड अ पेनी’ करायचंय म्हणाल्या तर पर्स न शोधता त्यांना बाथरूमकडे नेणं. ड्यूटी बदलताना रुग्णाची हकिगत दोन मिनिटांत, महत्त्वाचं आधी घेऊन सांगणं. साडेआठ बँडचा निबंधकारही यात अडखळेल.

मग करायचं काय? याचं उत्तर ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकातच शोधलं गेलं. आरोग्य व्यवसायांसाठीची ओईटी ही परीक्षा टिम मॅक्नमारा यांच्या पुढाकाराने तिथेच घडली. तीत सिस्टर सिस्टरच्याच भूमिकेत बोलते, समोरचा रुग्ण होतो, आणि लिहायचं असतं ते रुग्णाविषयीचं पत्र. पुढे संशोधकांनी कामावरच्या डॉक्टर-नर्सना विचारलं की तुम्हाला चांगलं बोलणं कशाला वाटतं. त्यांचं लक्ष व्याकरणापेक्षा रुग्णाशी नातं जुळतंय का आणि संवाद नीट पुढे नेला जातोय का यावर होतं. २०१८ पासून बोलण्याच्या गुणांत हे निकषही आले. ब्रिटनच्या कौन्सिलने ही परीक्षा २०१७ मध्ये स्वीकारली.

२०२३ मध्ये कौन्सिलने आणखी एक पाऊल टाकलं. अर्ध्या बँडने अडलेल्यांसाठी, किंवा इंग्रजीतून शिक्षण घेतलेल्यांसाठी, जिथे काम चालू आहे तिथल्या वरिष्ठांनी लेखी पुरावा द्यायचा आणि त्यावर दुसऱ्या वरिष्ठाने सही करायची. इथे पूर्वपक्षी उसळून म्हणेल: बघा, फिरून पुन्हा कुणाच्या तरी कानाला खटकणाऱ्या उच्चारापाशीच आलात! आक्षेप खरा आहे. मॅनेजरचं मन राखणाऱ्या सिस्टरचं इंग्रजी कागदावर सुधारू शकतं, हे आपल्याकडच्या गोपनीय अहवालांवर वाढलेल्यांना सांगायला नको. पण परीक्षेचा संशय साक्षीने फेडायचा आणि साक्षीचा परीक्षेने, यात गैर काय? कोर्टातही कागद आणि साक्षीदार दोन्ही तपासतात.

माझी तक्रार आहे ती या सवलतीच्या कुंपणाबद्दल. ब्रिटनमध्येच वर्षभर आरोग्यसेवेत काम केलेल्यांना हा पुरावा देता येतो. मुंबईतल्या ज्या हॉस्पिटलात फाइल इंग्रजीत, राउंड इंग्रजीत आणि केनियातून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांशी बोलणंही इंग्रजीत, तिथल्या मेट्रनचं पत्र या कामी उपयोगाचं नाही. तिच्या हाताखाली दहा वर्षं काढलेल्या सिस्टरने एक तर निबंध लिहायला बसायचं, नाहीतर ब्रिटनमध्ये कमी पगाराच्या मदतनीसाच्या जागेवर वर्ष घालवून तिथल्या मॅनेजरची सही मिळवायची.