मातीला काही होतंय हे कळायचं कसं?

मंडळी, कुंडलमध्ये बसलो आहोत, तर इथूनच सुरुवात करू. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमिनीला विष लागतं, असं शेतकरी म्हणत. आपण त्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो. पण माती जिवंत आहे, हे त्यांनी धरलंच होतं ना?

डार्विननं १८८१ च्या पुस्तकात गांडुळांचे प्रयोग सांगितले आहेत. शिट्टी फुंकली, गांडुळं ढिम्म. कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला, की झटकन बिळात! म्हणजे हवेतला आवाज नव्हे, कंप त्यांना कळतो.

आता उलटं चाललंय, आपण त्यांना ऐकतो. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली मातीतले आवाज टिपले. उजाड जमिनीपेक्षा पुन्हा झाडं लावलेल्या जमिनीत ते अधिक विविध निघाले.

आपल्या कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून रानं क्षारपड झाली. क्षार किती, हे आवाजानं कळत नाही; त्याला माती परीक्षणच हवं. पण रानात जीव किती उरलाय, हे कान लावून अजमावता येईल.

विष लोखंडानं लागलं नाही, अती पाण्यानं लागलं. शेतकऱ्याचा संशय चुकला होता; काळजी चुकली नव्हती. ती काळजी आपण सोडली, एवढंच.