कुलवृत्तांताची कुळकथा

कोकणातून घाटावर आलेल्या जुन्या घरांच्या कपाटांत ज्ञानेश्वरीच्या आणि स्तोत्रसंग्रहाच्या शेजारी एक जाडजूड ग्रंथ पुष्कळदा आढळतो. त्याच्या आरंभी परशुरामाने सागर हटवून भूमी मिळविल्याची कथा असते. पुढे गोत्र, प्रवर, कुलदैवत आणि कुलधर्म यांचे निरूपण येते, मूळ गावाचे वर्णन येते, आणि त्यानंतर शेकडो पृष्ठे केवळ माणसेच येतात: अमुकाचा मुलगा अमुक, जन्मशक, शिक्षण, नोकरी, पत्नीचे माहेर, अपत्ये. गोखले, कर्वे, पेंडसे, लिमये अशा कित्येक घराण्यांनी विसाव्या शतकात असे कुलवृत्तांत सिद्ध केले. हा ग्रंथप्रकार म्हणजे पूर्वजाभिमानाचे अपत्य होय, असा सर्वसाधारण समज आहे. आणि पदरमोड करून ज्यांनी हे ग्रंथ छापविले त्यांच्या ठायी अभिमान नव्हता असे कोणीच म्हणणार नाही. परंतु वंशावळ लिहून ठेवण्याची जी विद्या या ग्रंथांच्या मुळाशी आहे, तिचे जन्मस्थान शोधू गेल्यास आपण देवघरात पोहोचत नाही. पोहोचतो तो थेट कज्ज्यात.

देवघराची गरज फार थोडक्यात भागते. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह व प्रपितामह, त्याचप्रमाणे माता, पितामही व प्रपितामही आणि आईकडील तीन पिढ्या यांचा नामगोत्रपूर्वक उच्चार होतो. चौथ्या पिढीचे नाव घेण्याचा प्रसंग सहसा येत नाही, आणि ज्याचा उच्चार नाही ते नाव दोन पिढ्यांत विस्मृतीत जाते. याहून लांबचा पल्ला गाठतात त्या त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरूने स्वहस्ते आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे व मुलांचे नाव आणि मूळ गाव लिहावयाचे, आणि पुढे त्याचा नातू आला म्हणजे उपाध्यायाने तेच पान काढून त्याच्यापुढे धरावयाचे, ही पद्धत भक्तिभावाची वाटते खरी. पण यजमान ही उपाध्यायाची वृत्ती होती, तिची वाटणी होत असे, तिच्यावरून तंटे होत असत, आणि अमुक घराणे आपलेच यजमान आहे हे सिद्ध करण्यास वहीतील हस्ताक्षरासारखा पुरावा दुसरा नव्हता. हक्क जोवर जिवंत होता तोवर वही जपली गेली.

वंशकथनाची हीच निकड सागरकिनाऱ्यावरील एका फार जुन्या ग्रंथात दिसते. केळवे-माहीमच्या परिसरातील घराण्यांची हकिकत सांगणारी 'महिकावतीची बखर' इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्यांचा असून तो शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमाराचा आहे. बिंब राजाबरोबर उत्तर कोकणात आलेल्या कुळांची नावे, गोत्रे, कुलदेवता आणि त्यांना मिळालेल्या वृत्ती यांची गणना तीत आहे. आणि ही गणना मांडण्याचा प्रसंग कोणता, तर जुनी राज्ये बुडून मुसलमानी अंमल बसल्यावर कोणाचे स्थान कोणते हेच कोणाला उमजेनासे झाले, तेव्हा लोकांचा मेळा भरवून त्यांना त्यांची वंशपद्धती ऐकविण्याचा. स्वास्थ्याच्या काळात पूर्वज मोजण्याची आठवण माणसाला सहसा होत नाही.

तथापि वंशावळीला जे शिस्तबद्ध रूप आले ते वतनाच्या तंट्यांत. देशमुखी, देशकुलकर्ण, खोती, महाजनकी, धर्माधिकार, ग्रामजोसपण ही सारी वतने वंशपरंपरेची; श्रीवर्धनच्या भटांकडे दंडाराजपुरीची देशमुखी होती ती याच प्रकारची. असे वतन वादात पडले म्हणजे वादी व प्रतिवादी यांनी आपापला करीना लिहून द्यावयाचा असे. करीना म्हणजे हक्काची साद्यंत हकिकत, आणि त्याची घडण बहुधा ठरलेली: मूळपुरुष कोण, त्याला पुत्र किती, वडील शाखा निर्वंश झाली की परागंदा, वतनाची वहिवाट मध्यंतरी कोणाकडे होती व का, आणि शेवटी करीना लिहून देणारा त्या मूळपुरुषापासून कितवा. गोतसभा बसे, साक्षी होत, आणि महजरावर म्हणजे सभेच्या निर्णयपत्रावर कुणब्याचा नांगर, शिंप्याची कातर अशा निशाण्या उमटत. निवाडा झाला की जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरून येजितखत म्हणजे हार कबूल केल्याचा लेख लिहून द्यावयाचा. तंटा एकदा तुटला तरी तो पुन्हा उकरला जाणार नाही याची शाश्वती नसल्यामुळे निवाडपत्र, महजर आणि करीन्याची नक्कल ही तिन्ही रुमालात बांधून माळ्यावर चढत. कोकणातील घरगुती दप्तराचा गाभा हा असा आहे.

इंग्रजी अमलात न्यायाची रीत पालटली, पण वंशावळीची मागणी कमी न होता वाढली. कोकणातून वर गेलेल्या अनेक घराण्यांना पेशवाईत देशावर इनामे मिळाली होती. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा मूळ सनद, अखंड भोगवटा आणि सनदेतील इनामदारापासून हयात माणसापर्यंतचा वंश या तिन्ही गोष्टी शाबीत करण्याचा बोजा इनामदारावर पडला. मागून १८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांच्या प्रतिनिधींची नोंद आवश्यक केली. रत्नागिरीकडे खोतीच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याच्या वतनाच्या, तक्षिमा भावाभावांत विभागल्या गेल्या होत्या. कोणत्या साली कोणत्या घराने वहिवाट करावयाची आणि कोणाच्या वाट्याला किती आणे-पै येतात हे वंशावळीवाचून ठरणे अशक्य होते, आणि १८८० च्या खोती कायद्यानंतर तर या वादांना दिवाणी कोर्टाचे दार कायमचेच उघडे झाले. जुन्या रुमालात मुद्रांकाच्या कागदावर काढलेली, खाली वकिलाची सही असलेली वंशावळ निघाली, तर तिच्याबरोबर एखादा मुकदमाही असणार असे खुशाल समजावे.

गोव्यात राज्य निराळे, कायदा निराळा, तरी तत्त्व हेच. तेथील गावकरीच्या उत्पन्नात मूळ गावकऱ्यांच्या पुरुषवंशजांना जोण म्हणजे हिस्सा मिळे. ती मिळावी म्हणून वांगडवार म्हणजे कुळवार नावनोंदणी होई, आणि देवस्थानांच्या महाजनांच्या याद्याही अशाच हक्कापायी राखल्या जात. पोर्तुगीजांनी १५९५ साली गोव्यात स्वतंत्र दप्तरखाना स्थापून दियोगु दो कोतु या इतिहासकाराला त्याचा पहिला दप्तरदार नेमले. ज्या दप्तरखान्याची धुरा पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांनी कित्येक वर्षे वाहिली, तो हाच. जमिनीच्या वादापायी जपलेले कागद इतिहासाला उपयोगी पडतात हे मागाहून सिद्ध झाले. जपणाराचा तो हेतू नव्हता.

हेतू बदलला तो एकोणिसावे शतक सरता सरता. मूळचे गुहागरचे आणि मिरजेस शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध करू लागले. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पारसनिसांनी मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर उजेडात आणले. आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. माळ्यावरचा रुमाल ही राष्ट्राची ठेव आहे, हा विचार सुशिक्षित घरांत याच मंडळींनी रुजविला. त्यापुढची पायरी अशी की प्रत्येक घराण्याने आपला इतिहास आपणच जमवावा. कुलमंडळे निघाली, छापील प्रश्नपत्रके टपालाने गावोगाव गेली, संपादक बैलगाडीने आणि पडावाने मूळ गावी जाऊन आले, उपाध्यायांच्या वह्या आणि कोर्टातील जुन्या वंशावळी ताडून पाहण्यात आल्या, आणि शाखावार, घराणेवार क्रमांक देऊन पुरुषामागून पुरुष मांडले गेले. मॉरीन पॅटर्सन या विदुषीने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रबंधात याच कुलवृत्तांतांच्या आधारे महाराष्ट्रातील सामाजिक स्थित्यंतराचा अभ्यास कसा करता येईल हे दाखविले. घराण्यापुरता काढलेला ग्रंथ याप्रमाणे समाजशास्त्राचे साधन झाला.

परंतु जन्माची खूण पुसली जात नाही. कज्ज्यात ज्याचा हक्क, त्याचेच नाव वंशावळीत. म्हणून मुली तीतून वगळल्या गेल्या आणि सुनांची नावे लग्नात बदलल्यामुळे त्यांचे माहेरचे अस्तित्वही पुसले गेले. कुलवृत्तांतकारांनी पत्नीचे नाव व माहेर देऊन ही उणीव काही अंशी भरून काढली, तरी कन्येचा वंश लग्नापाशी थांबतो तो थांबतोच. येथे श्राद्धाचा संकल्प वंशावळीहून अधिक उदार ठरतो, कारण त्यात पितामही आणि प्रपितामही यांना स्थान आहे. घरात श्राद्धाच्या नावांचे जुने टिपण असेल तर ते वंशावळीच्या जोडीला अवश्य ठेवावे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. खोताच्या दप्तरात सनदा मूठभर आणि जमाखर्च, फाळे, अर्धेलीचे हिशेब, कुळांच्या याद्या हे गठ्ठेच्या गठ्ठे. कुलवृत्तांताच्या संपादकाने सनदांची नक्कल केली आणि याद्या बाजूला सारल्या. त्या याद्यांत गावच्या कुणबी, भंडारी, गाबीत, महार घराण्यांची बापाच्या नावासह, शेताच्या नावासह पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद असते, आणि ज्या घरांत लिहिण्याचा अधिकारच पोहोचू दिला गेला नाही त्यांचा लेखी मागोवा बहुधा दुसरीकडे कोठे नसतो. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि १९४९ च्या कायद्याने ती संपुष्टात आली, हे न्यायाचेच झाले. पण खोतीबरोबर हे हिशेबही निरुपयोगी ठरले. या कागदांवर एका घराण्याची मालकी असली तरी त्यांतला इतिहास साऱ्या गावाचा आहे.

आता थोडे वाचण्याविषयी. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे एकच नाव एका पिढीआड परतते. बाळाजी विश्वनाथाचा नातू बाळाजी बाजीराव. नाना फडणीस स्वतः बाळाजी जनार्दन, आणि त्यांचे आजोबा बाळाजी महादेव. बापाचे नाव न पाहता दोन कागदांतला बाळाजी एकच मानला की साठ वर्षांचा घोळ होतो. तीच गोष्ट कालगणनेची. मोडी कागदावर 'सीत सबैन मया व अलफ' अशी अक्षरे दिसली तर सहा, सत्तर, शंभर आणि हजार यांची बेरीज करावी. सुहूर सन ११७६ येतो. त्यात ५९९ मिळविले की इ. स. १७७५ मिळते, आणि हे वर्ष मृग नक्षत्रापासून पुढच्या मृगापर्यंत चालते म्हणून मधल्या जानेवारीनंतरच्या तारखेस ६०० मिळवावे लागतात. पुष्कळ खासगी पत्रांवर तर केवळ चंद्र आणि महिना असतो, वर्ष नसतेच. अशा पत्राचा काळ त्याच रुमालातल्या शेजारच्या कागदांवरून ठरतो. म्हणून रुमाल सोडताना कागदांचा क्रम मोडू नये. विषयवार लावण्याच्या उत्साहात हा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

टिकण्याच्या बाबतीत जुना कागद नव्याहून सरस आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद आणि काजळ व डिंक यांची शाई ही जोडी दोन-तीनशे वर्षे सहज काढते. ती शाई उडत नाही, मात्र पाणी लागले तर डिंक सुटून पसरते. उलट विलायती गिरणीचा लाकडाच्या लगद्याचा कागद आपल्यातल्या आम्लाने पिवळा पडून घडीवर तुटतो, त्यामुळे पणजोबांची सनद शाबूत आणि आजोबांची पत्रे चुरा, असा प्रकार घडतो. कोकणची हवा दमट, पाऊस मुसळधार, आणि वाळवी, कसर व झुरळ हे तिन्ही शत्रू घरातलेच. पूर्वी माळ्यावर चुलीचा धूर पोहोचत असे, त्याने दमट हवा आणि कीड दोन्ही दूर राहत. चूल गेली तेव्हा दप्तराचा रक्षकही गेला.

तेव्हा ज्यांच्या घरी असा रुमाल अजून आहे त्यांना एवढेच सांगणे. पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशी तो सावलीत उघडावा, उन्हात घालू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे आवरण चढवू नये. धुतलेल्या सुती कापडात बांधून भिंतीपासून दूर ठेवावा. प्रत्येक कागदाची दोन्ही अंगे, कोरी दिसणारी पाठसुद्धा, छायाचित्रात घ्यावीत, कारण जोडावरचा शिक्का आणि पावतीची नोंद पाठीवरच असते. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद फेकून देऊ नये. ती वाचणारे आजही आहेत आणि ती शिकताही येते. सांभाळणे होत नसेल तर संशोधन मंडळाकडे किंवा सरकारी दप्तरखान्याकडे साद्यंत दप्तर सोपवावे. त्यातल्या सनदा तेवढ्या निवडून चौकटीत लावू नयेत आणि हिशेब रद्दीत घालू नयेत. वंशावळ हा पक्षकाराचा दावा असतो; त्याची शहानिशा करणारा साक्षीदार बहुधा त्या कंटाळवाण्या हिशेबांतच बसलेला असतो.