एक काडतूस, दोन बंदुका

परवा घरी ‘विंचेस्टर ७३’ लावला होता. जेम्स स्टुअर्टचा, १९५०चा कृष्णधवल. भाच्याने मध्येच विचारलं, "मामा, याच्या पट्ट्यातल्या त्याच गोळ्या रायफललापण आणि रिव्हॉल्व्हरलापण कशा चालतात? गेममध्ये तर वेगवेगळ्या घ्याव्या लागतात."

गंमत म्हणजे जवळजवळ त्याच वयात हाच प्रश्न मी माझ्या मामाला विचारला होता. मामा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होता. तो म्हणाला होता, "अरे, बंदूक काय, एखादा लोहारपण ठोकून देईल. काडतुसाचं विचार." तेव्हा मला ते टाळाटाळीचं उत्तर वाटलं होतं.

तर काडतुसाचं. १८६० साली बेंजामिन टायलर हेन्रीने अमेरिकेत लिव्हरच्या रायफलीचं पेटंट घेतलं. त्याच्या कारखान्याचा मालक ऑलिव्हर विंचेस्टर, हा मुळात शर्ट बनवणारा माणूस. चापाभोवतीचा लोखंडी कडीचा दांडा खाली ढकलला की रिकामं टरफल बाहेर, वर ओढला की नवं काडतूस नळीच्या तोंडाशी. नळीखालीच दुसरी एक नळी, तिच्यात पंधराएक काडतुसं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक. बाकीचं जग तेव्हा एकेक बार ठासत बसलं होतं, त्यामुळे हे जादूसारखंच वाटलं असणार.

पण ती यंत्रणा नाजूक होती. मोठ्या, ताकदवान काडतुसाचा दणका तिला झेपला नसता. म्हणून हेन्रीचं .४४ काडतूस आखूड आणि सौम्य ठेवलेलं, दारू जेमतेम २८ ग्रेन. पुढे अमेरिकी लष्कराने जे रायफलीचं काडतूस घेतलं त्यात ७० ग्रेन असायची. म्हणजे लिव्हर रायफल दिसायला रायफल, पण तिची भूक पहिल्यापासून पिस्तुलाएवढीच. त्यामुळे कोल्टने १८७२च्या सुमारास हेन्रीचं काडतूस चालणारं रिव्हॉल्व्हर काढलं, तर त्यात नवल नव्हतं.

खरी जोडी जमली ती विंचेस्टरच्या १८७३च्या मॉडेलनंतर. या रायफलीसाठी नवं काडतूस आलं, .४४-४०. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा ४० ग्रेन दारूचा, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. टोपी बुडाच्या मधोमध असल्यामुळे टरफल पुन्हा भरता यायचं आणि त्यासाठीची अवजारं, साचे विंचेस्टर स्वतःच विकायचा. ते इतकं खपलं की १८७८मध्ये कोल्टने आपलं गाजलेलं रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसासाठी बाजारात आणलं, ‘फ्रंटियर सिक्स शूटर’ या नावाने. म्हणजे आपण म्हणतो ‘पिस्तुलाची गोळी रायफलीत’, प्रत्यक्षात घडलं उलटं. रायफलीचं काडतूस पिस्तुलात आलं.

मग कोल्टचं स्वतःचं .४५ काडतूस विंचेस्टरने का नाही घेतलं? एक कारण अगदी साधं. त्या काडतुसाच्या बुडाची कड फारच बारीक होती. रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामी टरफलं आतून दांडीने ढकलून काढतात, कड बारीक असली तरी चालतं. लिव्हर रायफलीत मात्र आकडा ती कड पकडूनच टरफल खेचतो. पकडायलाच काही नसेल तर टरफल अडकलं. .४५ कोल्टच्या लिव्हर रायफली रूढ झाल्या त्या थेट १९८०च्या दशकात, काडतुसांची कड सुधारल्यावर!

गोळीच्या चपट्या नाकाचंही तसंच. नळीत एका काडतुसाची टोपी दुसऱ्याच्या गोळीच्या नाकाला टेकलेली. नाक टोकदार असेल तर बसणाऱ्या धक्क्याने टोपी पेटायची आणि अख्खी रांग हातात फुटायची भीती.

एकच काडतूस दोन्हीकडे सारखं वागत नाही, हे भाच्याला फार आवडलं. रिव्हॉल्व्हरची नळी वीतभरसुद्धा नाही, रायफलीची २४ इंच. लांब नळीत दारूचा वायू गोळीला जास्त वेळ ढकलतो. त्यामुळे तेच .४४-४० रायफलीतून सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या पुढे जायचं, रिव्हॉल्व्हरमधून तीनशेही गाठायचं नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या, भक्कम रायफलींसाठी याच मापाची जास्त दाबाची काडतुसं निघाली. ती जुन्या रिव्हॉल्व्हरमध्येही आरामात बसायची, पण उडवणं धोक्याचं, म्हणून खोक्यावर ताकीद छापावी लागली. या चुकीवरून धडा घेतला असेल वा नसेल, १९३५च्या .३५७ मॅग्नमचं टरफल मुद्दाम .३८ स्पेशलपेक्षा तीनेक मिलिमीटर लांब केलं, जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये ते शिरूच नये म्हणून.

इथपर्यंत सगळी सोयीची गोष्ट. पण ही सोय कोणाच्या हातात?

२५ जून १८७६, लिटल बिगहॉर्न. कस्टरच्या घोडदळाकडे एकेक बार भरायच्या सरकारी कार्बाइन. समोर लाकोटा आणि शायान, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे हेन्री आणि विंचेस्टर. कस्टर आणि त्याच्याबरोबरची तुकडी तिथेच संपली. १९८३मध्ये त्या माळरानावरचं गवत जळालं, तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक घेऊन जमीन पिंजून काढली. टरफलांवरच्या घोड्याच्या खुणा जुळवून कोणती बंदूक कुठून कुठे सरकली, हेसुद्धा त्यांनी मांडून दाखवलं.

मला त्या लढाईपेक्षा तिच्या नंतरचे काही आठवडे महत्त्वाचे वाटतात. ऑगस्ट १८७६मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव केला की शत्रू टोळ्यांपर्यंत धातूची काडतुसं पोचू देऊ नयेत. रायफल एकदा मिळाली की ती वर्षानुवर्षं टिकते, काडतूस मात्र प्रत्येक बारानंतर पुन्हा लागतं. आणि ते येतं कनेक्टिकटच्या कारखान्यातून. सिनेमातला स्वावलंबी काउबॉयसुद्धा त्याच दुकानाच्या खोक्यावर जगत होता, फक्त त्याला दुकान बंद नव्हतं.

दोनच वर्षांनी आपल्याकडे लिटनने शस्त्र कायदा आणला. १८७८. भारतीयांना परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. त्याच साली देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचाही गळा आवळला, हा योगायोग नव्हे. पण अमेरिकेत व्यापाऱ्यांनी दोन बंदुकांचं काडतूस एक केलं, तर इथल्या सरकारने मापं मुद्दाम तोडली. लष्करी मार्टिनी-हेन्रीची गोळी .४५०ची, म्हणून १९०७च्या सुमारास शिकारीच्या .४५० काडतुसांवर बंदी आली, कारण तीच गोळी सरकारी रायफलीत भरता आली असती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी निमूटपणे .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली. आफ्रिकेतल्या हत्तींच्या शिकारीत पुढे गाजलेल्या या रायफलींच्या मापामागे आपल्या इथली सरकारी भीती आहे! पुढे .३०३चंही तेच. लष्कराचं माप नागरिकाला नाही, म्हणून इशापूरला .३१५ची स्पोर्टिंग रायफल बनायला लागली. आजही परवान्यावर बंदुकीइतकीच काडतुसांची संख्या लिहिलेली असते.

आणि ही मापांची भिंत कोणी पाडली? गावठी कट्टेवाल्यांनी. उत्तर प्रदेशातल्या बातम्यांत ‘३१५ बोअरचा तमंचा’ येतो ना, तो हाच. शिकारीच्या रायफलीचं काडतूस, वीतभर नळीच्या ओबडधोबड पिस्तुलात. कोल्टने १८७८मध्ये जे रीतसर केलं, ते इथे भट्टीवर होतं, आणि कधी कधी चालवणाऱ्याचाच हात जातो.

आपल्या पेपरात छापून येतं, ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त’. कट्टा कुठून आणला, कोणी विकला, ते पुढे दोन-चार ओळींत येतं. काडतुसं कुठल्या खोक्यातून निघाली, ते मला क्वचितच वाचायला मिळतं. मामा आता नाही. असता तर त्याने बातमी तिथूनच वाचायला घेतली असती.