केशहीन उंदराचें ऋण



शिक्षकी पेशांतून निवृत्त होऊन मला कांहीं वर्षें झालीं; तरी एका विद्यार्थ्याची आठवण मनांतून जात नाहीं. त्याच्या डोक्यावर केस नव्हते, भुंवया नव्हत्या, पापण्यांचे केसहि नव्हते. तान्हेपणीं जावळ गळलें तें पुन्हा उगवलेंच नाहीं. घरच्यांनीं चाई समजून गुंजा उगाळून लावल्या, वर्गांतल्या मुलांनीं नांवें ठेविलीं, आणि मीं शिस्तीच्या नांवाखालीं त्याला भर वर्गांत टोपी काढावयास लाविली. त्याचा विकार नेमका कोणता होता हें आज मला सांगतां येणार नाहीं. परंतु पुढें जो एक इतिहास वाचनांत आला, त्यानें मला त्या कृत्याची लाज वाटूं लागली. तोच आज सांगावयाचा आहे.

१९२४ सालीं लंडनच्या उत्तर भागांतील एका पक्षिगृहांत अंगावर केस नसलेले उंदीर सांपडले. दुसऱ्या कोणीं ते किळसवाणे म्हणून मारून टाकले असते. परंतु एच. सी. ब्रुक नांवाच्या गृहस्थांनीं १९२६ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि पुढें तो वंश प्रयोगशाळांतून जतन झाला. या उंदरांच्या पिलांस प्रथम इतरांप्रमाणेंच लव येते. सुमारें दोन आठवड्यांनीं ती नाकाडोळ्यांपासून शेपटीकडे झडत जाते, आणि थोडक्याच दिवसांत प्राणी उघडा पडतो.

असें कां व्हावें? केस ज्या खांचेंत वाढतो तिला रोमकूप म्हणतात. त्याच्या तळाशीं पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. नवा केस उगवण्याची सूचना त्याच्याकडून मिळते. जुन्या केसाची वाढ थांबली कीं रोमकूप आंखडून वर सरकतो, आणि पुंजकाहि त्याच्या मागोमाग वर येतो. या उंदरांत ही संगत तुटते. पुंजका खालींच अडकून राहतो, सूचना पोहोंचत नाहीं, आणि पहिला केस हाच शेवटचा ठरतो.

या दोषाचें मूळ १९८८ सालीं हातीं आलें. एका विषाणूचा अंश पूर्वीं केव्हां तरी उंदराच्या जनुकांत घुसून बसला होता. जनुकांतील अशा बदलास उत्परिवर्तन म्हणतात. १९९४ सालीं तें जनुकहि ओळखलें गेलें. मग प्रश्न आला कीं, मनुष्यांत याचा जोडीदार असेल काय? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील अँजेला क्रिस्टियानो यांना स्वतःलाच चाई पडली होती. त्यांनीं सहकाऱ्यांसह पाकिस्तानांतील एका केशहीन कुटुंबाचा अभ्यास केला. उंदराच्या चौदाव्या गुणसूत्रावरील त्या जनुकाचें प्रतिरूप मनुष्याच्या आठव्या गुणसूत्रावर असतें. त्यांतच या कुटुंबाचा दोष सांपडला. हा शोध १९९८ सालीं प्रसिद्ध झाला.

याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. चाईमध्यें शरीराची संरक्षक शक्ति आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते. मुळें मरत नाहींत, म्हणून केस परत येण्याची आशा असते. या आनुवंशिक विकारांत तसें नसतें. पुढें त्वचेवर बारीक पुटकुळ्याहि येतात. तरी दोन्ही विकार वरून सारखे दिसल्यामुळें अनेक मुलांना चाईचीं औषधें व्यर्थ दिलीं गेलीं. आतां जनुकाची तपासणी करून भेद ओळखतां येतो. शिवाय दोषाची एकेक प्रत आईबाप दोघांकडून आली तरच हा विकार होतो. त्या दोघांचे केस मात्र उत्तम असतात. तेव्हां हें कोणाच्या पापाचें फळ नव्हे.

अर्थात् उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. उंदरावरून कारण कळलें, तरी या विकारांत गेलेले केस परत आणणारें औषध अजून सांपडलेलें नाहीं.

पक्षिगृहांतील उंदरापासून मनुष्याच्या जनुकापर्यंत पोहोंचावयास शास्त्राला ७४ वर्षें लागलीं. त्या मुलाची टोपी त्याच्या डोक्यावर राहूं देण्यास मला एक क्षणहि लागला नसता. माझे जे शिक्षकबंधु व भगिनी हें ऐकत असतील, त्यांनीं तेवढें अवश्य लक्षांत ठेवावें.