ओट्याची उंची कोणी ठरवली?



तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पहिलं महायुद्ध, व्हर्सायचा तह, त्यानंतरची जर्मनीतली भयंकर महागाई हे सगळं दर दोन-चार वर्षांनी अभ्यासक्रम बदलला तरी फिरून यायचंच. पावासाठी गाडाभर नोटा नेणाऱ्या माणसाची गोष्ट मुलं मन लावून ऐकायची. पण त्याच जर्मनीत, त्याच दशकात आपल्या आजच्या स्वैपाकघराचा नकाशा कागदावर उतरत होता, हे एकाही पाठ्यपुस्तकात नव्हतं. तह आणि लढायांच्या गर्दीत ओट्याला कोण विचारतो!

हा विषय डोक्यात यायचं कारण असं, की गेला महिनाभर मी आणि माझी नात मिळून आमचं स्वैपाकघर नव्याने जोडतो आहोत. होय, जोडतोच आहोत. हल्ली कपाटांचे भाग कापून, भोकं पाडून सपाट खोक्यांतून घरी येतात आणि आपण ते उभे करायचे. वयाच्या पंच्याहत्तरीला हे काय सुचलं, असं वन्संनी फोनवर विचारून झालेलं आहे. त्यांना दिलेलं उत्तर जरा लांबलं, म्हणून इथे लिहिते.

तर फ्रँकफर्ट. युद्धानंतर शहरात घरांची फार टंचाई होती. अर्न्स्ट माय हा वास्तुरचनाकार शहराच्या बांधकामाचा प्रमुख झाला आणि कामगारांसाठी, मध्यमवर्गीयांसाठी मोठ्या वसाहती उभारायला लागला. त्याने 1926 साली व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोत्स्की या तरुण बाईला बोलावून घेतलं (पुढे लग्नानंतर त्या शुट्टे-लिहोत्स्की झाल्या). स्वैपाकघराचं काम त्यांच्याकडे आलं. जागा जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. आगगाडीच्या भोजनडब्यात एवढ्याशा जागेत पन्नास माणसांचं जेवण कसं निघतं, याचा त्यांनी अभ्यास केला. अमेरिकेतल्या क्रिस्टीन फ्रेडरिक यांचं घरकामावरचं पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं. फ्रेडरिकबाईंनी कारखान्यातल्यासारखी घरातल्या बाईची पावलं मोजली होती.

त्यातून जे निघालं त्याला फ्रँकफर्टचं स्वैपाकघर म्हणतात. पीठ, तांदूळ, साखर यांचे ओढून काढायचे, तोटी असलेले अॅल्युमिनियमचे डबे. भिंतीवरून खाली पडणारी इस्त्रीची फळी. ताटं निथळायची मांडणी. कपाटांना निळा-हिरवा रंग, कारण त्या रंगावर माशा बसत नाहीत असा तेव्हा समज होता. कारखान्यात बनवून अशी सुमारे दहा हजार स्वैपाकघरं फ्रँकफर्टमध्ये बसवली गेली. त्यातलं एक आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. न्यू जर्सीकरांनी जरूर विचारपूस करावी!

यातली मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे खिडकीशी ठेवलेलं फिरतं स्टूल. भाजी चिरणं, निवडणं हे बसून करायचं, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि गंमत बघा, बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं, की हे स्वैपाकघर आखेपर्यंत त्यांनी कधी स्वैपाक केलेला नव्हता. त्या कशाला घाबरणाऱ्या नव्हत्या, एवढं खरं. हिटलरविरोधी कामासाठी 1941 साली व्हिएन्नात त्यांना अटक झाली, पंधरा वर्षांची शिक्षा झाली, 1945 ला सुटका झाली. 2000 साली त्या गेल्या तेव्हा एकशेतीन वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस कमी होते. एवढ्या आयुष्यात लोक विचारत राहिले ते एका स्वैपाकघराबद्दल. त्याचा त्यांना कंटाळा आला होता म्हणतात, तो मला समजू शकतो.

1970 नंतर स्त्रीवाद्यांनी या रचनेवर टीका केली. एकाच माणसापुरती जागा करून तुम्ही बाईला कोंडलंत, असं त्यांचं म्हणणं. टीका खरीच आहे. पण दहा-पंधरा माणसांच्या घरात राबलेल्या माझ्या आईला विचारलं असतं, तर कोंडायला दार असलेली एक खोली तिने आनंदाने घेतली असती, असंही वाटतं. असो.

आता सुट्या भागांचं. त्याचीही सुरुवात व्हिएन्नातच आहे. मिखाएल थोनेट याने 1859 साली वाफेवर वाकवलेल्या लाकडाची एक खुर्ची काढली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावायच्या, जगभर जायच्या आणि पोचल्यावर जोडल्या जायच्या. पुढे 1932 साली माक्स हिमेलहेबर या जर्मन माणसाने लाकडाचा चुरा आणि डिंक दाबून फळी करायची युक्ती शोधली. 1956 मध्ये स्वीडनमध्ये आयकियाच्या गिलिस लुंडग्रेनने टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, ती गोष्ट बहुतेकांना माहीत असेलच. ती दुकानं आपल्याकडे 2018 साली हैदराबादला आणि 2020 साली नवी मुंबईला आली. (माझे खोके तिथले नव्हेत, इथल्याच एका कारखान्यातले आहेत. एका खोक्यात चार स्क्रू कमी निघाले, ते कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणले.)

सुटे भाग विकण्यात फायदा कारखान्याचाच. वाहतूक वाचते, गोदाम वाचतं, जोडणाऱ्याची मजुरी वाचते आणि ती मजुरी आपण फुकट करतो. हे नातीला म्हटलं तर ती म्हणाली, "आजी, पण माप आपलं ना!" तिथे मी गप्प झाले.

कारण आपल्याकडे माप कोणाचं होतं? माझ्या लहानपणी चूल, पाट, विळी, पाटा-वरवंटा सगळं जमिनीवर. तिथे उंचीचा प्रश्नच नव्हता, गुडघ्यांचा होता. 1955 साली मुंबईत बर्मा-शेलने गॅसचे सिलिंडर द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू गॅस गावोगाव पोचला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, म्हणजे बसून स्वैपाक संपलाच. भिंतीला कडप्पा आला. अमेरिकेत तोवर 36 इंच ही उंची ठरून गेलेली होती. आमच्या 1986 सालच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने 34 इंच केली. कोणाला विचारून? मी चार फूट दहा इंच. त्या ओट्यावर शेगडी चार इंच, वर पोळीचा तवा किंवा वरणाचं पातेलं. म्हणजे ढवळताना माझा हात खांद्याच्या जवळपास. छत्तीस वर्षांनी उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "ओटा किती उंच आहे?"

नियम सोपा आहे. चपला घालून सरळ उभं राहायचं, कोपर वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चार-पाच इंच वजा करायचे. ती चिरण्या-मळण्याची उंची. शेगडीची बाजू त्याहूनही खाली. कामाची जागा बाईच्या उंचीप्रमाणे असावी, हे फ्रेडरिकबाईंनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. पण सगळीकडे एकसारखी कपाटं विकायची म्हटलं की एकच आकडा सोयीचा पडतो.

माझा आकडा आला 31 इंच. तयार खोका 72 सेंटिमीटर उंच, वर दगड दोन सेंटिमीटर. खोक्याबरोबर आलेले उंच पाय आम्ही लावलेच नाहीत. जुना कडप्पा गवंड्याने फोडला, त्याच्याच पट्ट्या कापून खाली पाच सेंटिमीटरची बैठक केली. फरशी धुतली तरी पाणी लाकडाला लागत नाही. शेगडीखाली बुटका ड्रॉवरचा खोका घेतला, तो भाग 28 इंचांवर आहे. सिलिंडर शेजारच्या मोठ्या खोक्यात, दाराला खाली-वर भोकं पाडून. सिंकजवळ चुऱ्याच्या फळीवर विसंबू नका, पाण्याने ती पावासारखी फुगते. तिथे मरीन प्लायच पाहिजे.

जोडणी अवघड नाही. फळ्यांना 32 मिलिमीटरच्या अंतरावर भोकांच्या रांगा असतात. बिजागरी, ड्रॉवरची पट्टी, मधली फळी सगळं त्याच भोकांत बसतं. लाकडी खुंटी घालायची, खिळा आत ढकलायचा आणि गोल चकती पेचकसने अर्धा वळसा फिरवायची, की दोन फळ्या घट्ट. पहिल्या खोक्याला आम्हाला अडीच तास लागले, पाचव्याला चाळीस मिनिटं. पातळी बघायला गवंड्याची पाणपट्टी उसनी घेतली. वजनदार काम नातीने केलं, चकत्या मी फिरवल्या.

सूनबाई पाच फूट सहा इंच आहे. दिवाळीला येईल तेव्हा तिला हा ओटा बुटका वाटणार. तिच्यासाठी खिडकीजवळची एक बाजू 35 इंचांची ठेवली आहे, तिथे तिने चिरावं. खिडकीशी स्टूलही ठेवलंय, ते माझ्यासाठी. नळाचं काम तेवढं राहिलंय, प्लंबर रविवारी येतो म्हणालाय.