विमलताईंच्या पाच निवडणुका आणि आपल्या गटाची वही

धर्मापुरीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. केदारेश्वराच्या जुन्या मंदिराचं आमचं गाव तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलं असेल. आज मात्र देवळाचं नाही, निवडणुकीचं बोलायचं आहे.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, कर्जाच्या नोंदी झाल्या आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. एक काकू म्हणाल्या, "बाई आमदार झाली म्हणून बायांचं काय होतं? आपण तर दोन्हीकडं बाया निवडून दिल्या." सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा होता. म्हणून आम्ही ठरवलं, आपल्याच भागातल्या एका आमदार बाईंचा इतिहास नीट मांडून बघायचा. त्या म्हणजे डॉ. विमलताई मुंदडा.

आमचं गाव परळी मतदारसंघात आहे. पण बाजार, कॉलेज आणि मोठा दवाखाना म्हटलं की आमची गाडी अंबाजोगाईला जाते, आणि अंबाजोगाई केज मतदारसंघात येते. त्यामुळे विमलताईंना आमचं मत कधी गेलं नाही, तरी त्यांचं नाव आमच्या घरात कायम होतं. केजची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. ती बायांसाठी राखीव नव्हती, आजही नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

विमलताई पेशाने डॉक्टर. १९९० साली भारतीय जनता पक्षाकडून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा असायचा. आमच्या गटातल्या वयस्कर बाया सांगतात, घरातून निघताना "शिक्का कुठं मारायचा" हे धनी सांगायचा आणि बाई मान डोलवायची. विधानसभेत २८८ आमदार, आणि त्यात बाया हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. पंचायतीत बायांना तेहतीस टक्के जागा देणारी घटनादुरुस्ती तेव्हा व्हायची होती. अशा काळात मराठवाड्यातल्या एका ग्रामीण मतदारसंघाने एका डॉक्टर बाईला मुंबईला पाठवलं.

१९९५ साली त्या पुन्हा भाजपकडूनच आल्या. राज्यात युतीचं सरकार आलं ते हेच वर्ष. १९९९ साली राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष नवा निघाला, तेव्हा विमलताई त्या पक्षात गेल्या. पक्ष बदलला की लोक नावं ठेवतात, आणि कधी कधी घरी बसवतात. केजने त्यांना घरी बसवलं नाही. १९९९, २००४ आणि २००९, तिन्ही वेळा त्या घड्याळावर निवडून आल्या. सलग पाच निवडणुका, दोन पक्ष, एकच मतदारसंघ. म्हणजे बरीच मतं चिन्हाला नव्हती, माणसाला होती, असं म्हणायला जागा आहे.

२००४ नंतर त्या राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या. २००५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं. गावोगावी 'आशा' आली, दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी जननी सुरक्षा योजना आली. योजना केंद्राच्या, पण राबवायच्या राज्याच्या आरोग्य खात्याने. २००६ मध्ये चिकुनगुनियाची साथ आली, घराघरात माणसं सांधे धरून बसली, तेव्हाही हेच खातं त्यांच्याकडे होतं. २००८ च्या शेवटी मुख्यमंत्री बदलले आणि त्यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम खातं आलं. रस्ते-पुलांचं खातं एका बाईकडे येणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. २००९ साली त्या पाचव्यांदा जिंकल्या, आणि मार्च २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं. बावीस वर्षांची आमदारकी तिथं संपली.

पुढचं तर आणखी ऐकण्यासारखं आहे. पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे पृथ्वीराज साठे आले. २०१४ साली दोन मोठ्या पक्षांकडून दोन बाया समोरासमोर होत्या. भाजपच्या संगीता ठोंबरे जिंकल्या आणि विमलताईंच्या सूनबाई नमिता मुंदडा हरल्या. २०१९ मध्ये नमिताताई भाजपकडून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. २०२४ ला त्या पुन्हा आल्या, पण तीन हजारांहून कमी मतांनी. एवढ्या मोठ्या मतदारसंघात तीन हजार मतं म्हणजे किती? चार-पाच गावांतल्या बायांनी मनावर घेतलं तर निकाल फिरेल इतकी. आमच्या परळीनेही २००९ आणि २०१४ ला पंकजाताई मुंडे यांना विधानसभेत पाठवलं.

आता हिशोब करा. केजमध्ये १९९० पासून मधली दोन-अडीच वर्षं सोडली तर बाईच आमदार आहे, आणि तेही बायांसाठी जागा राखीव नसताना. त्यात घराण्याचा वाटा आहे, हे लपवायचं कारण नाही. सासूनंतर सून, वडिलांनंतर लेक, हे आपण बघतोच. पण पहिल्या विमलताई होत्या, आणि त्यांना सासूची गादी मिळाली नव्हती.

इथवर सांगून झालं तेव्हा बैठकीत सगळ्या खूश होत्या. मग आम्ही दुसरे आकडे वाचले.

जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची मुलं वेगळी मोजतात. बीड जिल्ह्यात २००१ साली दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली राहिल्या ८०७. साऱ्या महाराष्ट्रात सगळ्यात कमी. म्हणजे ज्या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्याची लेक राज्याची आरोग्यमंत्री होती, त्याच दहा वर्षांत आपल्या जिल्ह्यातल्या लेकी घटल्या. २०१२ साली परळीतल्या एका दवाखान्याचं प्रकरण राज्यभर गाजलं, पुढं कोर्टात शिक्षाही झाली.

चहाचे कप तसेच राहिले. सगळ्यांत वयस्कर काकू, ज्यांनी तो पहिला प्रश्न विचारला होता, त्या हळूच म्हणाल्या, "मला एक लेक हाय. दोन असत्या." त्यापुढं त्या बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

याचा दोष एकट्या विमलताईंवर टाकणं न्यायाचं होणार नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे. तो पाळायचा डॉक्टरांनी, पाळून घ्यायचा अधिकाऱ्यांनी. पण सोनोग्राफीच्या टेबलापर्यंत सुनेला कोण घेऊन जातं? तिथं मंत्री येत नाही. तिथं नवरा असतो, सासू असते, म्हणजे आपणच असतो. मत देताना आपण बाईला निवडलं आणि घरी येऊन पोराला निवडलं. आमच्या काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर असं, की विचारलं तर सभागृहात गोष्टी हलतात. ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे आपल्याला किती वर्षं माहीत होतं! २०१९ साली हा विषय विधान परिषदेत निघाला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यात घरोघर पाहणी झाली. पाहणीत पिशवी काढलेल्या तेरा हजारांहून जास्त बाया निघाल्या. कोयता घेऊन जाणाऱ्या बायांचं दुखणं पहिल्यांदा कागदावर आलं. कागदावर आलेल्याचंच उत्तर मागता येतं, हे बचत गटाच्या बाईला वेगळं सांगायला नको.

२०२३ साली लोकसभा आणि विधानसभांमध्ये बायांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती झाली. नवी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ती लागू व्हायची आहे. २०१९ च्या विधानसभेत २८८ पैकी २४ बाया होत्या. एक तृतीयांश म्हणजे ९६. इतक्या बाया तिथं बसतील तेव्हा त्यांना विचारायला आपल्याकडे काय असेल?

म्हणून आमच्या गटाने एक वही केली आहे. हप्त्याच्या वहीसारखीच, दोन रुपये कमी-जास्त झाले तरी ओरडणारी. दर तीन महिन्यांनी आशाताई आणि अंगणवाडीताईंना विचारून गावात किती मुलगे जन्मले, किती मुली, एवढेच आकडे लिहायचे. कुणाचं नाव नाही, कुणाचं घर नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांपैकी किती जणींची पिशवी काढलेली आहे, तोही आकडा, सांगणारीची मर्जी असेल तरच. ग्रामसभेत ही वही वाचायची. पुढच्या निवडणुकीत जो कोणी, जी कोणी मत मागायला ओट्यावर येईल, तिच्यापुढं हार-नारळाच्या आधी ही वही उघडायची.

पहिलं पान काकूंच्या हातून लिहून घेतलं. त्यांना सही येते, आकडेही येतात. मुलींचा आकडा त्यांनी दोनदा मोजला आणि मग लिहिला.

तुमच्या गटातही अशी वही सुरू करा, सख्यांनो. आणि जाता जाता मतदार यादीत नव्या सुनेचं नाव आहे का, तेवढं बघा. राम राम!